चिवड्याचं ब्रेकडाउन रजिस्टर

आमच्या घरमालकांना कुठलीही गोष्ट दोनदा सांगावी लागे. नळ गळतोय म्हटलं, की ते म्हणत, "माझ्याकडे बघून बोला." मग त्यांच्याकडे बघून पुन्हा सांगायचं, की नळ गळतोय. वर हे ऐकून घ्यायचं, "शॉपमध्ये एकदा सांगितलेलं धरत नाहीत." मी मूळची पंचवटीची. आमच्या गल्लीत एकदा बोललेलं चार घरांना ऐकू जातं. त्यामुळे हे दोनदा सांगणं मला भारी जड जायचं. काय ही मिजास, असं मी पहिली दोन वर्षं मनातल्या मनात म्हणत होते. मनातल्या मनात म्हणजे नवऱ्यासमोर, चांगलं मोठ्याने.

ते अंबडच्या एका कारखान्यात मेंटेनन्सचे फोरमन होते, शॉप म्हणजे तिथला यंत्रांचा विभाग. रिटायर होऊन आठ-नऊ वर्षं झाली होती, पण अंगातला फोरमन काही रिटायर झाला नव्हता. सिडकोत त्यांचं घर. खाली ते एकटे, वर चढवलेल्या मजल्यावर समोरासमोर दोन बिऱ्हाडं. एकात आम्ही नवरा-बायको, दुसऱ्यात गणिताच्या मॅडम, ज्या घरूनच ऑनलाइन शिकवण्या घेत. काका सकाळी सहाला इस्त्रीचा निळा शर्ट घालून, खिशाला टेस्टर लावून तयार असत. खुर्ची दाराच्या बरोबर समोर आणि दार दिवसभर सताड उघडं. बेल होती, पण ती वाजवून काही व्हायचं नाही. "दारात उभे राहा, दिसाल," हा नियम.

माणसांची नावं त्यांना लागतच नव्हती, खाती लागायची. माझा नवरा ओझरच्या कारखान्यात, सकाळी बस येऊन त्याला घेऊन जायची, म्हणून तो डिस्पॅच. समोरच्या मॅडम चुका काढायच्या, म्हणून त्या इन्स्पेक्शन. मला ते प्रॉडक्शन म्हणत. का, म्हणून विचारलं तर म्हणाले, "आवाज तुमच्याच खात्यात होतो."

त्यांच्याकडे एक फूटभर लांब स्क्रू ड्रायव्हर होता. जुने फिटर लोक त्याचं टोक मशीनला लावतात आणि मूठ कानाला, म्हणजे आत बेअरिंग कसं चाललंय ते ऐकू येतं. काका मात्र मूठ दातांत धरायचे. आमच्या फ्रिजला, मिक्सरला, एकदा तर नवऱ्याच्या स्कूटरला त्यांनी असं दातांनी तपासलं. मी हसू दाबत विचारलं, "काका, दातांनी?" दोनदा विचारलं अर्थातच. ते म्हणाले, "दात खोटं बोलत नाहीत." हे काहीतरी मोठं तत्त्वज्ञान असावं अशी समजूत करून घेऊन मी चहा टाकायला गेले.

आता चिवड्याचं सांगते, कारण त्याच्याशिवाय काका मला कळलेच नसते.

चिवडा आम्हाला लिंक रोडला एका उभ्या टेम्पोखाली सापडला. ऐन थंडीत, मुठीएवढा. रंग पांढरा, पिवळा, काळा, मध्येच तपकिरी, आणि जातही तशीच, सगळं थोडं थोडं. नाशिकमध्ये असल्या मालाला दुसरं नाव कोण ठेवणार? वर्षाच्या आत तो गुडघ्याच्या वर आला आणि त्याला कंठ फुटला. अरे देवा, काय तो कंठ! दूधवाल्यावर भुंकायचा. कंपनीच्या बसच्या हॉर्नवर भुंकायचा. कुकरची शिट्टी झाली की तिला उत्तर द्यायचा, आणि उत्तर दिल्यावर ती पुन्हा झाली की चिडून वाद घालायचा. मी ओरडायचे, "गप्प बस!" तो अजून जोरात. मग मी हात टेकायचे आणि त्याच्या तोंडात बिस्कीट कोंबायचे. तेवढीच शांतता, कुरुमकुरुम संपेपर्यंत.

एका संध्याकाळी समोरच्या मॅडम आमच्या दारात आल्या. खाली जाऊन काकांनाही वर घेऊन आल्या होत्या, म्हणजे प्रकरण गंभीर होतं.

"माझा वर्ग दोन ते चार," त्या म्हणाल्या. "मी अपूर्णांक शिकवते आणि हा मध्ये मध्ये बोलतो. मुलं हसत बसतात. दोन पालकांनी मुलं काढून घेतली. मी कुत्र्याच्या विरोधात नाही हो, मी अपूर्णांकांच्या बाजूने आहे. पण हे असंच चालणार असेल तर मला जागा बघावी लागेल."

मला भांडायचं होतं, कमरेला पदरही खोचला असता, पण ड्रेस होता. आणि खरं सांगायचं तर बाई बरोबर होती. काकांनी तिचं म्हणणं तिच्या तोंडाकडे बघत दोनदा ऐकलं आणि निकाल दिला.

"एक महिना. बिघाड दुरुस्त झाला तर कुत्रा राहील. नाही झाला तर कुत्रा जाईल."

"आणि आम्ही?" मी विचारलं.

"तुम्ही चालताय की व्यवस्थित."

त्या रात्री मी जेवले नाही. आता हे कुणाला नाटक वाटेल, म्हणून कारण सांगते. मी चौथीत असताना पंचवटीत आमच्याकडे राजू नावाचा कुत्रा होता. तोही भुंकायचा, रामाला आलेल्या यात्रेकरूंवर. गल्लीने तक्रार केली. एका सकाळी दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, राजूला पोत्यात घालून स्कूटरवर ठेवलं आणि गंगापूर धरणाच्या पलीकडे सोडून आले. मला सांगितलं, ओळखीच्यांच्या मळ्यात ठेवलाय, मजेत आहे. मी दर रविवारी विचारायचे, राजू कसा आहे? दादा दर रविवारी सांगायचे, मजेत आहे. मळा वगैरे काही नव्हता हे मला दहावीत कळलं. दादांचा राग मी कधीच सोडला, पण त्या पोत्याचा नाही. चिवड्याला कुणी पोत्यात घालणार असेल तर आधी मला घालावं लागेल, हे मी नवऱ्याला त्या रात्रीच सांगून टाकलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला दारावर थाप. काका. हातात पुठ्ठ्याचं जाड रजिस्टर. वर लिहिलेलं, 'ब्रेकडाउन रजिस्टर', आणि खाली मशीनच्या नावाच्या जागी, 'चिवडा'. आत चार रकाने आखलेले: वेळ, किती, कारण, उपाय.

"निकाल तुम्हीच दिलात ना काका? मग आता हे काय?"

"निकाल मालकाने दिला. दुरुस्ती फोरमन करणार."

एवढं बोलून ते आमच्या हॉलमध्ये मांडी घालून बसले आणि तासभर नुसते बघत राहिले. कुत्र्याकडे नाही, माझ्याकडे. कुकर झाला, चिवडा भुंकला, मी ओरडले, बिस्कीट दिलं. काकांनी पेन ठेवलं.

"भुंकला की बिस्कीट? मग कामगार हुशार आहे. मॅनेजमेंट येडं आहे."

"अहो, पण त्याशिवाय तो गप्प बसत नाही."

"आणि तुम्ही ओरडता ते? त्याला वाटतं, चला, मालकीणबाईपण सुरू झाल्या. साथ मिळाली."

नवरा इतका हसला, की त्याची बस चुकता चुकता राहिली.

काकांची म्हणून काही वाक्यं होती, ती मला आजही पाठ आहेत. सगळ्यात लाडकं हे: "आवाज हा रोग नाही, अर्ज आहे. आधी वाचा, मग फेटाळा." दुसरं मोटरबद्दल होतं. काही मोटरींचा लोड काढला, की त्या वेड्यासारख्या पळत सुटतात. "हा तुमचा गडी दिवसभर नो-लोडवर चाललाय. ह्याला काम कुठंय? दूधवाला हेच त्याचं काम." म्हणून पहाटे साडेपाचला पांडवलेण्याच्या पायथ्याशी पळणं सुरू झालं. पळायचं मी आणि चिवड्याने, काका खाली चहाच्या टपरीशी उभे राहून हाताने खुणा करत. आयुष्यात कधी शाळेच्या शर्यतीत भाग घेतला नव्हता, ती हौस सिडकोत फिटली.

पण त्यांची खरी करामत हातात होती. ते चिवड्याला दोन गुडघ्यांमध्ये बसवायचे आणि तळवा त्याच्या बरगड्यांवर ठेवायचे. डोळे मिटलेले. भुंकण्याच्या आधी कुत्र्याची छाती भरते, आत गुरगुर सुरू होते, आपल्याला ती ऐकू येत नाही. काकांच्या तळव्याला कळायची. त्याच क्षणी ते दुसऱ्या हाताचा पंजा त्याच्यासमोर धरून म्हणायचे, "बस्स," आणि श्वास सुटला, की भाकरीचा तुकडा. भुंकून झाल्यावर नाही, भुंकणं आतल्या आत गिळलं तरच.

"बेअरिंग जळाल्यावर ग्रीस घालून काय उपयोग? तापायला लागलं तेव्हाच हात पाहिजे."

मग एक दिवस उलटंच. दोन बोटं वर करून ते त्याला भुंकायला शिकवत बसले! "बोल" म्हणायचं, भुंकला की पंजा दाखवून "बस्स." मी म्हटलं, "काका, आपल्याला ह्याला बंद करायचंय ना?" ते म्हणाले, "ज्या मशीनचं स्टार्टचं बटण सापडत नाही, तिचं स्टॉपचं पण सापडत नाही." आणि खरोखर, तीन आठवड्यांत चिवडा कुकरच्या शिट्टीला नुसती मान वळवून बघायला लागला. काका मूळचे सटाण्याकडचे. गडी चुकला की त्यांची अहिराणी बाहेर पडायची, "काय शे भो? काय शे?" म्हणजे, काय आहे रे भाऊ, काय आहे. आणि तोही हिरमुसून त्यांच्या पायावर हनुवटी टेकायचा.

दुपारी आम्ही दोघं कामावर. तेव्हा चिवडा वर कुलपात आणि काका खाली खुर्चीत, रजिस्टर मांडीवर. संध्याकाळी मी आल्या आल्या आधी दुपारची नोंद बघायचे. दुपारी दोन ते चार: शून्य. दुसऱ्या दिवशी शून्य. रविवार सोडले तर तीन आठवडे शून्य. मी हवेत होते. रविवारच्या मिसळीवर दोन पापड जास्त खाल्ले मी त्या आनंदात.

पंचविसाव्या दिवशी, रविवारीच, मॅडम पुन्हा आल्या. त्यांचा चेहरा बघून मी चिवड्याला जवळ ओढला.

"सकाळ-संध्याकाळ खूप फरक आहे, ते मी मान्य करते," त्या म्हणाल्या. "पण दुपारचं काय? रोज भुंकतोय तो."

"शक्यच नाही," मी म्हटलं. "रजिस्टर बघा. शून्य आहे."

काकांनी रजिस्टर उघडून त्यांच्यापुढे धरलं. अक्षर कसं, मोत्याचं. मॅडमनी ते पाहिलं, मग शांतपणे फोन काढला. त्यांचे वर्ग रेकॉर्ड होतात, मुलांना नंतर बघता यावेत म्हणून. त्यांनी मंगळवारचा वर्ग लावला. तीन छेद चार अधिक एक छेद दोन, आणि त्यावर चिवडा. भू भू भू, थांबायचं नाव नाही. हॉलभर आवाज. खुद्द चिवडा उठून बसला आणि मान वाकडी करून हा कोण नवीन, म्हणून फोनकडे बघायला लागला.

काका आमच्याकडे बघत होते. माझ्याकडे, मग नवऱ्याकडे, मग मॅडमकडे. मग जरा वैतागून म्हणाले,

"अहो, आधी चालू तर करा."

फोनमध्ये तो भुंकतच होता.

"चालूच आहे काका," मॅडम म्हणाल्या. त्यांच्याकडे बघून, हळूच.

माझ्या डोळ्यांसमोरून सगळं झरझर गेलं. माझ्याकडे बघून बोला. दोनदा सांगा. दाराकडे तोंड करून ठेवलेली खुर्ची, ती मेली बेल, दातांत धरलेला स्क्रू ड्रायव्हर. आणि मी त्याला मिजास म्हणत होते! मला इतकी लाज वाटली, की मी भलतंच बोलून गेले. "मॅडम, तो बाहेरचा कुत्रा असेल. किंवा मीच रजिस्टर..."

काकांनी पंजा वर केला. बस्स. चिवडा बसला आणि मीही बसले.

त्यांनी खिशातून पेन काढलं, दुपारच्या नोंदींवर वरपासून खालपर्यंत एक रेघ मारली आणि बाजूला लिहिलं, 'नोंदी रद्द. मापक खराब.'

"किती वर्षं झाली?" नवऱ्याने विचारलं, आणि मग त्यांच्यासमोर जाऊन पुन्हा विचारलं.

"हळूहळू गेला. मशीन जाते तसाच." ते खिडकीकडे बघत बोलायला लागले. "प्रेस शॉपमध्ये कानात घालायला बोंडं द्यायचे. मी एकेकाच्या कानात स्वतः बघायचो, घातलंय का नाही. न घालणाऱ्याला गेटबाहेर. माझी बोंडं माझ्या खिशात. कान झाकून घेतले तर मशीन काय बोलते ते कळणार कसं? सगळे म्हणायचे, फोरमनचा कान म्हणजे कान." त्यांनी पेन खिशात ठेवलं. "माझ्या शॉपच्या एकाही पोराचा कान गेला नाही."

मग चिवड्याच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "ह्याला मी ऐकलेलाच नाही कधी. हातानेच काय ते. दुपारी हाताखाली नव्हता, मी धरलं गप्प आहे."

मला रडू आलं, ते मी लपवलं नाही. पण पुढचं वाक्य ऐकून ते जागच्या जागी थिजलं. काका म्हणाले, "मुदत मीच दिली होती. पाच दिवस राहिलेत. नाही जमलं तर कुत्रा जाईल. फोरमनने शब्द फिरवला तर शॉप चालत नाही." हा माणूस स्वतःच्या कानावर रेघ मारतो, तो माझ्यासाठी शब्द काय फिरवणार? मला ते पोतंच दिसायला लागलं.

तेव्हा मॅडम म्हणाल्या, "मग कान माझे घ्या ना. मी दुपारी घरीच असते. कधी सुरू झाला, किती वेळ, सगळं लिहून ठेवते." आणि वर, अगदी शिकवणीच्या सुरात, "मला कुत्रा घालवायचा नाहीये. उत्तर काढायचंय."

सोमवारी त्यांनी जुनी सगळी रेकॉर्डिंग चाळून काढली. उत्तर निघालं: प्रत्येक वेळी दोन वीसच्या सुमारास. मंगळवारी काका पावणेदोनलाच आमच्या घरात जाऊन बसले, चिवड्याच्या बरगड्यांवर हात ठेवून. मी अर्धी सुट्टी टाकली होती. दोन वाजले, दोन दहा, काही नाही. दोन वीसला काकांचे डोळे उघडले. "भरतंय," ते म्हणाले. दोघं ज्या दिशेने बघत होते तिकडे मी पाहिलं. समोरच्या कंपाउंडच्या भिंतीवर तेव्हाच ऊन पोचलं होतं, आणि त्या उन्हात एक जाडजूड बोका येऊन, पाय पसरून, आमच्या खिडकीकडे तोंड करून निवांत पडला होता.

"हा घ्या अर्ज," काका म्हणाले.

उपाय दहा मिनिटांचा. खिडकीच्या खालच्या निम्म्या काचेला आतून वर्तमानपत्र, खळीने चिकटवलेलं. आणि दोन वाजता लोड: जुन्या टॉवेलला गाठी मारून प्रत्येक गाठीत भाकरीचा तुकडा. त्या सोडवता सोडवता चिवड्याचे तीन वाजायचे आणि मग तो तिथेच आडवा व्हायचा. टॉवेल द्यायला रोज काका वर जायचे, दोन म्हणजे दोनला. बुधवार, गुरुवार, शुक्रवार, मॅडमच्या अक्षरात शून्य. हे शून्य खरं होतं.

शुक्रवारी संध्याकाळी काकांनी रजिस्टर त्यांच्यापुढे ठेवलं. "इन्स्पेक्शन, सही." मॅडमनी सही केली. मग ते माझ्याकडे वळून म्हणाले, "कुत्रा चालेल." दोनच शब्द. मी त्यांच्या पाया पडले आणि चिवड्याने दोघांना चाटलं. रात्री पंचवटीला फोन करून दादांना सांगितलं, माझा कुत्रा राहिला म्हणून. खरंच राहिला, असं दादांनी दोनदा विचारलं. मग म्हणाले, "बरं झालं गं. लई बरं झालं."

पुढे मॅडमनी काकांच्या कानाचं मनावर घेतलं. महिनाभर त्या रोज तेच सांगायच्या, रोज दोनदा. काकांचं एकच, "आता काय ऐकायचंय?" शेवटी एका रविवारी मॅडमनी त्यांना रिक्षात बसवून नेलं आणि पावणेचारला ते कानात मशीन घालून परत आले. ते थेट वर आले. निळा शर्ट, ताठ मान, आणि चेहरा असा बावरलेला, की मी ओळखलंच नाही. जिन्यात स्वतःच्या चपलांचा आवाज ऐकून ते दोनदा मागे वळून बघत होते.

"काका, चहा टाकू?" मी सवयीने त्यांच्याकडे बघून म्हटलं.

"एकदाच सांगा," ते म्हणाले. "ऐकू येतंय. त्याला भुंकू द्या."

आम्ही थांबलो. चिवडा बसून राहिला. मी मुद्दाम कुकर लावला, शिट्टी झाली. काका दचकले, चिवडा नाही. नवऱ्याने खाली जाऊन स्कूटरचा हॉर्न वाजवला. मॅडमनी खिडकीचं वर्तमानपत्र सुद्धा टरकावलं, बोका दिसावा म्हणून. चिवड्याने बोक्याकडे पाहिलं, आमच्याकडे पाहिलं, आणि येऊन काकांच्या तळव्याला नाक लावलं. एवढा गुणी कुत्रा मला त्या दिवशी पहिल्यांदा नकोसा झाला.

"सांगा ना काका त्याला," मी म्हटलं. एकदाच.

काका खाली बसले. हात सवयीने त्याच्या बरगड्यांकडे गेला, तो त्यांनी मागे घेतला. दोन बोटं वर केली.

"बोल."

चिवडा भुंकला. एकच, खणखणीत.

काकांनी डोळे घट्ट मिटले. "बाप रे," ते म्हणाले, "एवढा मोठा? इन्स्पेक्शनचं बरोबर होतं." मग पुन्हा दोन बोटं वर. "अजून एकदा, भो."

तो पुन्हा भुंकला. मॅडम दारात उभ्या राहून डोळे पुसत होत्या.

आम्ही ते घर सोडलं तेव्हा काकांनी रजिस्टर माझ्या हातात दिलं. मशीन दुसऱ्या शॉपला गेली, की तिचं रजिस्टर तिच्याबरोबर जातं, अशी पद्धत आहे म्हणे. पण चिवडा काकांसाठी भुंकला त्या संध्याकाळी ते आमच्याकडेच टेबलावर होतं. काकांनी ते ओढून घेतलं, चष्मा लावला, आणि शेवटच्या पानावर त्या मोत्याच्या अक्षरात नोंद केली. ते खाली गेल्यावर मी वाचली.

वेळ: ४.१०. किती: दोन. कारण: मला ऐकायचा होता. उपाय: नको.